बगळ्याचा बोगदा

हार्मन लेक, पेनसिल्व्हेनिया
१४ ऑक्टोबर २०१८

डेल्मर,

आधी ‘प्रिय डेल्मर’ लिहिलं, मग खोडलं. खाडाखोड बरी दिसेना म्हणून हा दुसरा कागद घेतला.

एमिल गेला. सप्टेंबरच्या अखेरीला. फुफ्फुसांनी साथ सोडली. तुला कुणी ना कुणी कळवलं असेलच, कारण या गावात बातमी दडत नाही, ती न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातही पोचत असणार. तुझ्याकडून एक फूलसुद्धा आलं नाही. ते मी मनात धरून बसलेली नाही. धरून बसले असते तर हे पत्र लिहिलं नसतं. बरं, थोडंसं धरलंय.

कामाचं सांगते. घरात अकरा बगळे आहेत, पार्कातल्या त्या रोलर-कोस्टरचे नमुने. सात तू आणि एमिलने मिळून बांधलेले, चार तू गेल्यावर त्याने एकट्याने. पहिला तर तुला आठवतच असेल, काडेपेटीच्या काड्यांचा, चपलांच्या खोक्यात मावणारा. आणि शेवटचा एवढा आहे की तळघर पुरेना, म्हणून माझं कपडे धुवायचं यंत्र मागच्या ओसरीत गेलं. शिवाय दुसऱ्यांकडून गोळा केलेले कोस्टर वेगळेच. तो चावीवर चालणारा जर्मन पत्र्याचा, ओहायोच्या म्हाताऱ्याकडचा पितळी, मेळाव्यात अदलाबदल करून आणलेले पाच-सहा. जिन्यात, जेवणाच्या खोलीत, आमच्या पलंगाच्या पायथ्याशी. पंचेचाळीस वर्षं मी या घरात रूळ ओलांडत चालले आहे.

कोस्टर बनवणाऱ्यांच्या क्लबतर्फे नोरीन स्टॅब्लर येऊन सगळं बघून गेली. ती तुझ्यानंतरची. पोस्टातून निवृत्त झालेली, दणकट बाई, पितळी तारेचे उलटे-पालटे फिरणारे कोस्टर बनवते आणि बोलताना कुणाची भीडभाड ठेवत नाही. सगळ्या खोल्या फिरून झाल्यावर तिने विचारलं, “वर्ना, बाकीच्यांनी जगातले निरनिराळे कोस्टर केले. तुझ्या नवऱ्याने एकच कोस्टर अकरा वेळा का केला गं?”

ती बाहेरगावची. तिला सगळं सांगावं लागलं. तिला सांगितलं ते तुलाही लिहिते, कारण इतक्या वर्षांत तुझ्यासमोर या विषयावर मी तोंड उघडलेलं नाही.

मी म्हटलं, एमिलला मोठी बहीण होती, रोझेला. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, आणि बापाचा पट्टा त्याच्या वाटचाही तिनेच खाल्ला. अडुसष्ट साली, उन्हाळ्याच्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी, ती डेल्मर ऑटबरोबर बगळ्यावर बसली. त्या कोस्टरचं नाव ‘करडा बगळा’, पण सगळे नुसतं बगळा म्हणायचे. शेवटच्या डब्यात, शेवटच्या बाकावर. गाडी फलाटावरून सुटून आधी त्या लांब, वाकड्या बोगद्यात शिरली, मग साखळीने चढ चढली, तळ्याच्या बाजूला कोसळली, सगळ्या टेकड्या घेऊन परत आली. मी समोरच वॉफलच्या टपरीवर होते. गाडी थांबली तेव्हा मांडीवरच्या आडव्या दांड्यामागे तू एकटा बसला होतास.

गाडीवाल्याने विचारलं, “तुझ्याबरोबरची पोरगी कुठाय?” तेवढ्यात होड्यांच्या धक्क्याजवळच्या कुंपणापासून एमिल धावत आला. सतरा वर्षांचा होता. ओरडत होता, “मी वर बघितलं तिला! शिखरावर बघितलं! दोघांनी हात वर केले होते!”

म्हणून मग सगळा शोध शिखराच्या पुढचा. टेकड्यांखाली कुत्री फिरवली, तळ्यात पाणबुडे उतरवले. काही नाही, एक केसाची पिनसुद्धा नाही. शेरिफने तुला पुन्हा पुन्हा बोलावलं, तिचा बाप, पापा ड्राबिक, कुऱ्हाडीचा दांडा घेऊन तुझ्या दारात उभा राहिला. पार्क पुढच्या वर्षी उघडलंच नाही.

नोरीनने काडेपेटीच्या पहिल्या बगळ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “म्हणजे ती कुठे पडली असेल ते शोधायला बांधत होता तो?”

“हो.”

“आणि तो डेल्मर त्याच्याबरोबर बसून काड्या चिकटवायचा?”

“हो.”

“बाई गं,” ती म्हणाली.

तू का बसायचास, डेल्मर? आणि एमिलने त्या सातव्या बगळ्यात तुझ्या आणि रोझेलाच्या बाहुल्या कोरून बसवल्या आणि पुन्हा एकदा विचारलं, “एकदा तरी सांग, काय झालं,” तेव्हा तू आपली बाहुली उचलून खिशात घातलीस आणि दहा वर्षं तोंड दाखवलं नाहीस. हे मी आज विचारत नाही. एवढंच म्हणते, हे सगळं घेऊन जा, नाहीतर काय करू ते सांग. तळघरात साखळी चालल्याचा आवाज येतो. मी बाजारातून परत येते आणि दारातच ऐकू येतो.

वर्ना

९ नोव्हेंबर

डेल्मर,

तुझं कार्ड मिळालं. “प्लग काढ. बाकीचं क्लबला दे.” दहा वर्षांनी एवढी शाई खर्च केलीस, आभारी आहे.

प्लग मी पहिल्याच आठवड्यात काढला होता. माझ्या मते तो आवाज मालगाडीचा असावा. तळ्यामागून ती जाते तेव्हा घर हलतं, चढावरची साखळी एखादा दात सरकत असेल, खट्कन. मला पटवून घ्यायला हे पुरेसं आहे. पण मी आता दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहिते आहे.

मृतात्म्यांच्या दिवशी चर्चमधून आले, कोबी-शेवया गरम करायला ठेवल्या आणि मनात आलं, एमिलच्या नावाने एकदा त्याचा शेवटचा बगळा चालवावा. मी तो कधी चालताना पाहिला नव्हता. तो तळघराचं दार लावून घ्यायचा. “पूर्ण झाला की दाखवतो,” म्हणायचा, आणि गेल्या जानेवारीनंतर तर तो तिकडे फिरकलाच नाही. मला वाटलं, दम पुरत नसेल.

प्लग लावला. गाडी फलाटावर होती. शेवटच्या बाकावर दोन बाहुल्या. तुझी त्याने नव्याने कोरली आहे, दोन्ही हात वर केलेली. शेजारी ती, निळ्या फ्रॉकमध्ये, हात मांडीवर. चेहरा आपण तरुणपणी पाहिला तसा. मला तो बघवेना.

बटण दाबलं. गाडी सुटली, बोगद्यात शिरली. आणि आत थांबली. म्हणजे थांबल्यासारखी. चाकांचा आवाज मंदावत बंद झाला. मी वाकून बघणार तेवढ्यात तो पुन्हा सुरू झाला, गाडी दुसऱ्या तोंडाने बाहेर आली आणि साखळीला लागली.

शेवटच्या बाकावर तू एकटा होतास.

मला वाटलं, बाहुली आत पडली. गाडी चढ चढली, कोसळली, टेकड्या घेऊन फलाटाच्या छपराखाली येऊन उभी राहिली. मी छप्पर उचललं. दोघं बसलेली. हात मांडीवर.

मी पुन्हा चालवली. दोघं आत, एक बाहेर. फलाटावर दोघं. पुन्हा. पुन्हा तेच. मी विजेरी लावून, हातआरसा धरून बोगद्यात बघितलं. रिकामा. शेवया करपल्याचा वास आला तेव्हा वर गेले आणि भांडं तसंच सिंकमध्ये ठेवून बाहेर ओसरीत जाऊन बसले, कोट न घालता.

मी भित्री बाई नाही, डेल्मर. शाळेची बस चालवली आहे मी बर्फातून, चाळीस पोरं घेऊन. पण आता तळघरातून कपडे वाळत घालायची दोरी आणायची आहे आणि मी ती रोज उद्यावर ढकलते.

तुला यातलं काही ठाऊक आहे का?

वर्ना

१७ डिसेंबर

डेल्मर,

तू उत्तर दिलं नाहीस. नोरीनने दिलं.

काल दुपारी ती हत्यारांची पेटी घेऊन आली, कोट काढला आणि अख्खी बाई बगळ्याच्या फळीखाली उताणी शिरली. नुसती पावलं बाहेर. मी विजेरी धरून उभी.

आतून आवाज आला, “अगं वर्ना, तुझा नवरा जादूचे खेळ करायचा का?”

“एमिल? त्याला पत्ते पिसता येत नव्हते.”

“मग हे बघ. पोरीच्या पायाशी बिजागरी आहे, गव्हाच्या दाण्याएवढी. बोगद्यात एक तार आहे, ती तिला आडवी पाडते, डब्याच्या तळाशी, सपाट. फलाटावर दुसरी तार आहे, ती उभी करते. आणि गाडी आत मंदावते ना, तिथे रुळाला बनातीची पट्टी लावलीय. असलं काम मी जन्मात पाहिलं नाही. याला वर्षं लागली असतील.”

मी हसले, डेल्मर. इतक्या आठवड्यांची भीती एका बिजागरीवर आली म्हणून इतकी हसले की नोरीन घाबरून बाहेर आली. तिच्या केसांत भुसा.

मग ती म्हणाली, “पण हसायचं काय त्यात? त्याने हे का केलं?”

तिने बोगद्याचं वरचं कवच उचललं. आत, डाव्या भिंतीत, एक दार आहे. नखाएवढं. ते बाहेर डोंगराच्या उतारावर उघडतं, आणि तिथे त्याने रंगाने रस्ता काढला आहे, रस्त्याकडेला एक बाक ठेवला आहे. बसची वाट बघायला असतो तसा.

आणि होड्यांच्या धक्क्याजवळ, कुंपणापाशी, एक छोटा एमिल उभा आहे. नोरीन म्हणाली, “हा काय बघतोय तिथून? बघ बरं.” माझा गुडघा तुला माहीत आहे. तरी मी फरशीवर आडवी झाले आणि त्या बाहुलीच्या डोक्याशी डोळा नेला. नोरीनने गाडी चढाच्या टोकावर धरली.

तिथून डब्याची बाजू आणि कठडा आड येतो. माणसं दिसतच नाहीत, फक्त कठड्यावर आलेले दोन हात दिसतात. एक तुझा, एक तिचा, असंच वाटतं.

मी उठून वरून बघितलं. दोन्ही हात तुझे होते.

म्हणजे त्याला कळलं होतं. एका सतरा वर्षांच्या मुलाने कुंपणापाशी जे पाहिलं, त्याच्यावर सगळा गाव तळ्यात उतरला, आणि तो सगळा जन्म त्याच शिखरापासून पुढे शोधत राहिला. आणि अकराव्या खेपेला त्याने स्वतःलाच तिथे उभं करून बघितलं, आणि त्याला कळलं की ती शिखरावर गेलीच नव्हती. ती शिखराच्या आधीच, बोगद्यात, आपल्या पायांनी उतरली होती.

मला राग आला आहे. तुझा नाही. म्हणजे तुझाही, पण त्याचा जास्त. तो मला का बोलला नाही? मी त्याच्याबरोबर या घरात रूळ ओलांडत म्हातारी झाले. निदान एकदा जेवताना म्हणायचं होतं, “वर्ना, सापडलं.”

आता काय झालं हे मी विचारत नाही. रोझेला कुठे आहे?

वर्ना

३ फेब्रुवारी २०१९

डेल्मर,

परवा तू फोन केलास आणि मी मध्येच ठेवला. तुझ्यावर चिडून नाही. उभं राहवेना, आणि आमच्या फोनची तार खुर्चीपर्यंत पोचत नाही. नंतर तू पुन्हा केला नाहीस. म्हणून जे ऐकलं ते लिहिते. चुकत असेन तर दुरुस्त कर.

तू म्हणालास, पळून जायचा बेत दोघांचा होता. ती पापा ड्राबिकच्या हाती बसस्थानकावर सापडू नये म्हणून तो बोगदा. आत पंपाची जुनी खोली होती, वापरात नसलेली. तिला एक दार रुळांकडे, एक मागच्या रस्त्याकडे. गाडी त्या वळणावर माणसाच्या चालीने जायची. ती बारीक, दांड्याखालून सहज निसटायची. त्या दिवशी सकाळी तू तिच्यासाठी खोलीत पिशवी टांगून ठेवलीस. ती उतरणार, पिशवी घेणार, मागच्या दाराने रस्त्यावर जाणार, बसमध्ये बसणार. आणि महिन्याभरात तू तिच्यामागे न्यू मेक्सिकोत, आल्बुकर्कीला जाणार. दोन्ही हात वर कर, हेही तिनेच सांगितलं होतं. एमिल कुंपणाशी असेल, त्याला वाटू दे.

तू म्हणालास, “ती रुळाकडेच्या फळीवर उतरली. दारावर हात ठेवून तिने मागे बघितलं. मग दार लागल्याचा आवाज आला. तो आवाज मी आजही ऐकतो.”

मी म्हटलं, “आणि मग?”

“मग काहीच नाही. ती म्हणाली होती, मी लिहीन, तोवर कुणाला बोलायचं नाही, एमिलला तर नाहीच. त्याच्या तोंडावर सगळं दिसतं, बाप त्याच्याकडून काढून घेईल. मी वाट बघितली. एकोणसत्तरला आल्बुकर्कीला जाऊन आलो. खाणावळी, चर्चं, सगळीकडे. मला वाटलं, विचार बदलला असेल. तिने मला सोडलं असेल. लोक सोडतात.”

“पण पापा मेल्यावर तरी एमिलला सांगायचंस!”

“काय सांगू? तुझी बहीण जिवंत आहे आणि तेरा वर्षांत तिने तुला एक ओळ लिहिली नाही? तो काड्या चिकटवत होता तेव्हा निदान तिच्यावर रुसलेला नव्हता.”

इथपर्यंत मी उभी होते. मग तू ती एमिलच्या फोनची गोष्ट सांगितलीस.

गेल्या जानेवारीत त्याने तुला फोन केला होता म्हणे. दहा वर्षांनी. कसा आहेस नाही, काही नाही. विचारलं, “दार डाव्या हाताला होतं ना?”

तू म्हणालास, “हो.”

त्याला दम लागत होता. मग त्याने विचारलं, “तिच्याकडे कोट होता का? रात्री बसमध्ये गारठा असतो.”

“होता. माझ्या आईचा. मी पिशवीत ठेवला होता.”

“बरं झालं,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी फोन ठेवला तो इथे.

त्याच्या शेवटच्या महिन्यांत तो ओसरीत बसून पक्ष्यांना दाणे टाकायचा. इतका निवांत मी त्याला कधी पाहिला नव्हता. डॉक्टर म्हणत, औषधाचा परिणाम आहे. मीही तसंच समजत होते. आता माझा राग गेला आहे असं नाही, पण तो कुठे ठेवावा ते कळत नाही.

तू तिथे अजून तिचीच वाट बघतोस का, डेल्मर? म्हणूनच तिकडे जाऊन राहिलास ना? नको सांगूस. कळलं मला.

वर्ना

२८ एप्रिल

प्रिय डेल्मर,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. उत्तराला उशीर झाला, कारण घर रिकामं करण्यात वसंत गेला. बगळे अग्निशमन दलाच्या सभागृहात नेले. तिथे क्लबला कायमची जागा मिळाली आहे. नोरीनने प्रत्येकासमोर उभं राहून माणसांना दरडावलं, “तिरका धरू नका, ती आरास नाही, यंत्र आहे!” जर्मन पत्र्याचा मी ठेवून घेतला. कपडे धुवायचं यंत्र परत तळघरात आलं. घर इतकं मोठं होतं हे मला माहीतच नव्हतं.

तू विचारलंस म्हणून सांगते. काउंटीने तळ्याभोवती फिरायची वाट करायला घेतली आहे, त्यात बोगद्याच्या तोंडावरचा ढिगारा उचलला. काल मी जाऊन आले. तू सांगितलंस तसंच आहे सगळं. डाव्या हाताला दार, आत छोटी खोली, आणि मागचं दार थेट जुन्या रस्त्यावर उघडतं. मी स्वतः उघडून बाहेर पाऊल टाकलं. चार पावलांवर रस्ता. तिला काहीच त्रास झाला नसणार. खोली स्वच्छ, रिकामी.

माणसं जातात आणि नवं आयुष्य सुरू करतात, डेल्मर. तिचं सुखाचं झालं असेल. तुला वाट बघायला लावली म्हणून तिच्यावर राग धरू नकोस. जमलं तर या उन्हाळ्यात ये. जेवायला पिरोगी करीन.

तुझी,
वर्ना

२८ एप्रिल, संध्याकाळ

रोझेला,

डेल्मरचं पत्र आत्ताच पेटीत टाकून आले. त्यात मी खोटं लिहिलं आहे. खरं कुणाला तरी सांगायला हवं, आणि हे ज्याचं आहे असं तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही. हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही.

मी वर्ना. तुझ्या भावाची बायको. नात्याने तू माझी नणंद. आपण कधी बोललो नाही. तू शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे होतीस, आणि एकदा वॉफल घेताना माझ्याकडे बघून हसली होतीस, बस.

काल सकाळी नोरीनने गाडीतून सोडलं. तिचं कंबरडं धरलं आहे म्हणून ती गाडीतच थांबली, कॉफी पीत. ऊन चांगलं होतं. बोगद्यात तीस पावलं गेलं की मागचं तोंड वळणाआड जातं आणि पुढचं अजून दिसत नाही. तिथे डाव्या हाताला लोखंडी दार. मी खांदा लावला तेव्हा ते उघडलं.

आत आमच्या कोठीएवढी खोली. काँक्रीटची फरशी, पंपाचा चौथरा, वर छोटी जाळी, तिच्यातून थोडा उजेड. गारठा असा की श्वास दिसत होता, बाहेर एप्रिल असून. आणि समोरच्या भिंतीत, खुंटीवर, एक जाड कापडाची पिशवी. वर डेल्मरचं नाव ठशाने छापलेलं.

तिचा बंद तसाच बांधलेला होता. मला तो सोडायला वेळ लागला. वर कोट, नीट घडी केलेला, करड्या लोकरीचा. खाली चालायचे बूट, नाड्या एकमेकींना बांधलेल्या. कागदात गुंडाळलेलं काही, खायचं असावं, आता काळी पूड.

मग मी मागच्या दाराकडे बघितलं. त्याला आतून कडी आहे, माझ्या अंगठ्याएवढी जाड. ती घातलेली होती. गंजून भिंतीशी एक झालेली.

मी खूप वेळ तिथे उभी होते. एकच गोष्ट परत परत मांडत होते. तू आत आलीस. दार लागलेलं डेल्मरने ऐकलं. पिशवी घेतली नाहीस. कडी काढली नाहीस. रुळांकडे परत गेली असतीस तर एका बाजूला फलाट होता, माणसांनी भरलेला, दुसऱ्या बाजूला साखळीपाशी गाडीवाल्याचा जोडीदार. कुणी तुला पाहिलं नाही. मी फरशी पायाने ठोकून बघितली, सगळीकडे भरीव. कोपऱ्यात, चौथऱ्याच्या मागे, वाकून हाताने चाचपलं. काही नाही. वाईट असं काही नाही, मला म्हणायचंय. काहीच नाही. जणू दार लागलं आणि आत कुणी नव्हतंच.

मी तुला हाक मारली. मोठ्याने नाही. एमिल म्हणायचा तशी, “रोझी” म्हणून. माझा आवाज मला परत आला नाही. एवढ्या लहान काँक्रीटच्या खोलीत तो यायला हवा होता.

तेव्हा मला कळलं की मी डेल्मरला काय लिहिणार. एमिल ‘बरं झालं’ म्हणून गेला. डेल्मर तुझ्यावर रुसून का होईना, तू कुठेतरी जेवतेस, झोपतेस, म्हातारी झालीस असं समजून जगला. त्याला मी ती पिशवी कशी सांगू? तो पंच्याहत्तरीकडे चाललाय. त्याने उरलेले दिवस त्या बंद कडीकडे बघत काढायचे का? ते मी बघते. मला सवय आहे.

मी बाहेर आले. नोरीनने काच खाली केली. “काय गं, भूत दिसलं का?”

“गंज दिसला. तुझ्या पेटीत तेल आहे का? आणि हातोडी दे.”

“माझं काम आहे का? येऊ का आत?”

“नको. तू बस.”

तिने माझ्याकडे बघितलं आणि पुढे विचारलं नाही. ती बडबडी असली तरी पोस्टातली आहे, बंद पाकीट कळतं तिला.

मी परत गेले. कडीत तेल सोडलं, थांबले, ठोकलं, पुन्हा तेल सोडलं. एवढा सगळा वेळ मी तुझ्याशी बोलत होते, तुला ऐकू येत असेल नसेल. एमिल कसा होता ते सांगितलं. तो बापासारखा झाला नाही, हे सांगितलं. त्याने कुणावर हात उचलला नाही, आयुष्यात एकदाही. त्याला तुझी आठवण रोज यायची आणि तो ती काड्यांनी बांधायचा. शेवटी कडी किंचाळली आणि सरकली. दार बाहेर ढकललं तर काटेरी झुडपं आडवी आली, ती तोडली. पुढे ऊन होतं आणि रस्ता. एक दुधाची गाडी गेली.

पिशवी मी खुंटीवरच ठेवली आहे. बंद सैल बांधला आहे, एका ओढीत सुटेल. लोकर अजून चांगली आहे, कसर लागलेली नाही. काउंटीच्या माणसाला सांगितलं आहे की त्या दाराला कुलूप घालायचं नाही. तो म्हणाला, “का बरं, मॅडम?” मी म्हटलं, माझ्या घरातलं कुणीतरी तिकडून येणार आहे. त्याने वहीत काहीतरी खरडल्यासारखं केलं आणि मान हलवली, म्हाताऱ्या बाईला हलवतात तशी.

कडी काढलेली आहे, रोझेला. दार बाहेरच्या बाजूला उघडतं. नुसतं ढकल.

वर्ना